नऊ इंची चूल

पांगरवाडी, मार्गे राणीसावरगाव
१९ नोव्हेंबर १९८६

ती. अक्काच्या पायावर भुजंगाचं डोकं.

पत्राला कारण असं, की परवा मी परभणीहून निर्धूर चुलीचं दहा दिवसांचं प्रशिक्षण पुरं करून आलो. वर्गात आम्ही बावीस जण. मॅट्रिक झालेले नऊ, आयटीआयवाले चार. परीक्षेत पहिला आला भुजंग मिस्त्री, शाळा चौथी. साहेबांनी फळ्यावर धुराच्या पाइपाचा व्यास साडेतीन इंच लिहिला, तेव्हा मी उभा राहून म्हणालो, "साहेब, पुस्तकात पान अकरावर तीन इंच आहे." साहेबांनी पुस्तक पाहिलं, फळा पुसला. प्रमाणपत्र काचेत घालून भिंतीला लावलंय. ओळंबा धरून लावलंय. आपल्या घरात तेवढी एकच वस्तू सरळ आहे.

चूल अशी: वर दोन भोकं. पुढलं नऊ इंच, मागलं सात. लाकूड घालायचं तोंड सात बाय सहा. मागं पाइप, तो माळवदातून वर अडीच फूट. जाळ पहिल्या भांड्याखालून दुसऱ्या भांड्याखाली जातो आणि धूर शिस्तीत बाहेर पडतो. सरपण निम्मं लागतं. पत्र्याचा साचा मला सरकारनं दिलाय. आपल्या गावात घरं एकशे चार, तेवढ्या चुली एकतीस मार्चच्या आत घालायच्या. मग सडकेला पाटी लागणार: 'धूरमुक्त गाव'.

पहिला नंबर आपल्याच घराचा. जुनी चूल मी स्वतः टिकावानं फोडली. तुझी भावजय कडू बाजूला उभी होती. नवी चूल झाल्यावर विचारलं, कशी वाटते? ती म्हणाली, "चांगली हाय." म्हणजे पसंत आहे.

एकच अडचण निघाली. घरातला तवा अकरा इंचांचा. तो नऊ इंची भोकावर ठेवला की भाकरीची कड कच्ची राहायची आणि तवा मागच्या पातेल्याला धडकायचा. कडू म्हणाली, भोक वाढवा. मी तिला शांतपणे समजावलं, की भोक पुस्तकातलं आहे आणि तवा घरातला. राणीसावरगावच्या लोहाराकडून तवा गोल कापून आणला. आता फट राहत नाही.

कडूला थंडीनं जरासा खोकला आहे. हवा बदलली की जाईल. दाजींना नमस्कार.

तुझा
भुजंग

*

सोनपेठ
४ डिसेंबर

भुजंगा, लय जगशील बाबा.

तुजं पत्र पोचलं. प्रौढ वर्गात चार अक्षरं शिकले म्हणून माझं मला वाचता आलं. न्हाईतर तुझ्या दाजींनी दुकानात मोठ्यानं वाचलं असतं आन् सगळ्या सोनपेठला तुजी मापं पाठ झाली असती.

पयला आलास, चांगलं झालं. पर आईचा तवा कापलास व्हय रं? त्या तव्यावर म्या नऊ वर्साची असताना भाकर टाकायला शिकले. आईला खोकला धरला व्हता आन् तुला भूक धरवत नव्हती. त्याच भाकरी खाऊन तू एवढा मोठा झालास, की आता तुला आईचा तवा मोठा वाटायलाय.

एक इचारते. भाकर तव्यावरून काढली की आपुन ती चुलीच्या तोंडाशी उभी करून निखाऱ्याच्या आरावर शेकतो, मंग ती फुगती. तुज्या चुलीचं तोंड सात बाय सहा. आर आत, लांब. मग भाकर टेकवायची कुठं? पुस्तकात बघ, अकराव्या पानावर हाय का.

तुमच्या गावाला मुक्कामी जाणाऱ्या गाडीचा कंडक्टर बन्सीधर हाय न्हवं, त्याच्या हाती कडूसाठी एक गाठोडं धाडलंय. ते तिलाच उघडू दे.

आन् तिचा खोकला किती दिसाचा हाय ते लिव्ह. तू समद्याचं माप लिवलंस, तेवढंच लिवलं न्हाईस.

अक्का

*

पांगरवाडी
८ जानेवारी १९८७

ती. अक्का हिला भुजंगाचा दंडवत.

तुझ्या पत्रातली शंका मी हसण्यावारी नेली नाही. पुस्तक पान एक ते चौसष्ट पुन्हा वाचलं. 'भाकरी' हा शब्द त्यात नाही. भात आहे, वरण आहे, पान सदतीसवर एकदा 'पोळी अथवा तत्सम' असं आहे. म्हणजे भाकरी तत्सममध्ये आली. शेकण्याचा प्रश्न पुस्तकानं काढलेलाच नाही. अर्थात तो नसावा.

आणि पुरावा माझ्या ताटात आहे. आपल्या घरी भाकरी अजून पहिल्यासारखीच टम्म फुगलेली येते. मी पट्टी लावली तर अकरा इंच भरली. नऊ इंची तव्यावर अकरा इंची भाकरी! दोन दिवस विचार केला. मग लक्षात आलं, की उष्णतेनं पदार्थ प्रसरण पावतो. हे मी परभणीला साहेबांना कळवणार आहे.

आजअखेर एकसष्ट चुली झाल्या. लोकांचा प्रतिसाद सांगतो. मुंजाजी म्हाताऱ्याच्या घरी दोन भोकांत दोन कळशा अशा बसल्यात, की जणू त्यांच्यासाठीच केलीय. समोरच्या तानुबाईनं माळवदाला भोक पाडू दिलं नाही, पावसाळ्यात गळेल म्हणाली. म्हणून तिचा पाइप मी छतापर्यंत नेऊन थांबवला. पूर्वी तिच्या घरात धूर खालून वर जायचा, आता वरून खाली येतो. एवढं सोडता चूल नमुन्याप्रमाणे आहे. तिनं ती अजून पेटवली नाही. रोज पुसते, रांगोळी काढते. बाई वस्तू जपणारी.

आणखी एक चांगला बदल. कडूनं जनावरांची काळजी मनावर घेतलीय. सकाळ-संध्याकाळ गोठ्यात धूर करते, गोचीड-माशांसाठी. तास-तास तिथंच असते. आणि हे सगळ्या गावातल्या बायकांना एकदमच सुचलंय. संध्याकाळी गोठ्यागोठ्यातून धूर निघतो. आपले ग्रामसेवक पंडितराव यांना मी हे दाखवलं, तर त्यांनी अहवालात वाक्य घातलं: 'पशुसंवर्धनाविषयी महिलांमध्ये जागृती.'

बन्सीधरनं गाठोडं दिलं. कडूनं ते परस्पर आत नेलं. खोकल्याचं माप नक्की सांगता येणार नाही. आहे.

भुजंग

*

सोनपेठ
२१ जानेवारी

भुजंगा,

तिळगूळ पोचला असंल. गोड बोलायचा म्हैना हाय म्हणून गोडच बोलते.

भाकर प्रसरण पावती म्हणतोस. माझ्या साठ वर्सांत तर कवा पावली न्हाई. म्या जन्मभर पीठ उगंच मोजून घेतलं म्हणायचं. तुजे दाजी तुजं पत्र वाचून एवढे हसले, की गिऱ्हाइकाला गुळाऐवजी मीठ बांधून दिलं.

आता सांग. पौषातल्या थंडीत गोचीड कुठनं आली? जनावरं कुडकुडायलीत आन् माशा कुठनं आल्या? तू मिस्त्री हायस, भिंत एक सूत वाकडी झाली की लांबून वळखतोस. कडू दोन टायमाला तास-तास गोठ्यात बसायलीय, ते वळखलं न्हाईस?

त्या गाठोड्यात काय व्हतं त्याचं माप तू घेतलं न्हाईस.

एक काम कर. भाकरीच्या येळंला गोठ्यात जा. पट्टी नेऊ नको. नुसते डोळे ने.

अक्का

*

पांगरवाडी
१५ मार्च

ती. अक्कास नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. एकशे चारवी चूल काल रात्री नव्हे, काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पुरी झाली. गाव पुरं झालं! तालुक्यात आपण पहिले.

सत्तावीस तारखेला सकाळी नऊ वाजता मोठे साहेब पाहणीला येणार आहेत. कार्यालयाचं पत्र आलंय. त्यात म्हटलंय: 'पाहणीसमयी गावात कोठेही धूर दिसता कामा नये.' आता पाहा, निर्धूर चुलीचा धूर घरात राहत नाही, पाइपातून बाहेर जातो. म्हणजे एकशे चार चुली चालू असतील, तर एकशे चार पाइपांतून धूर दिसायलाच हवा. नाही दिसला तर गडबड समजावी. हे मी पंडितरावांना पुस्तक उघडून दाखवलं. ते म्हणाले, "मिस्त्री, पुस्तक चौऱ्याऐंशीचं, पत्र परवाचं. पत्र नंतरचं आहे." नंतरचा कागद मोठा, हे खरंच आहे.

म्हणून ठरलं असं, की सत्तावीस तारखेला उजाडल्यापासून साहेब जाईपर्यंत गावात कुणीच चूल पेटवायची नाही. घरातली नाही, गोठ्यातलीही धुरी नाही. गोचीड एक दिवस थांबतील. दवंडी दिली. बायकांनी काही विचारलं नाही. गाव माझ्या शब्दात आहे.

तू गोठ्यात जायला सांगितलंस. कामाच्या गर्दीत जमलं नाही. शिवाय मी गोठ्याकडं वळलो, की कडूच बाहेर येऊन विचारते, काय पाहिजे? मग काही नको असतं.

तिचा खोकला आहे. बोलताना मध्ये थांबते. सुंठ दिली.

भुजंग

*

पांगरवाडी
२ एप्रिल

अक्का,

दंडवत लिहीत नाही, राग समज. पाडवा एकट्यानं केला. गुढी मी उभारली, गोडधोड तानुबाईनं दिलं, कशावर केलं ते विचारलं नाही. तरीही सत्तावीस तारखेला जे झालं त्याची बरोबर नोंद कुठंतरी राहावी म्हणून लिहितो. तू मधेच आलीस, आधीचं तुला माहीत नाही.

उजाडल्यापासून गावात काडी ओढली गेली नाही. बन्सीधरला साडेसहाच्या गाडीआधी आपल्याकडं चहा लागतो, तो मिळाला नाही. म्हातारे पारावर उपाशी. नऊ वाजले. दहा वाजले. पोरं रडायला लागली, त्यांना गूळ-शेंगदाणे दिले. बारा वाजता मुंजाजी म्हणाला, "मिस्त्री, धुरानं मेलो न्हाई, आता बिनधुराचं मरतो."

साहेबांची जीप एक वाजून दहा मिनिटांनी आली. साहेब ओढ्याकाठच्या उंचवट्यावर चढले. गावाकडं पाहिलं. धुराची रेघ नाही. फोटो काढला. म्हणाले, "विलक्षण! दुपारची वेळ, सगळा स्वयंपाक चाललेला, आणि पाहा!" मग आपल्या घरी. चूल सारवलेली, हळदकुंकू लावलेलं. साहेबांनी तोंडात वाकून पाहिलं. राख नव्हती. म्हणाले, "स्वच्छता वाखाणण्यासारखी." माझ्या हातात पट्टी होतीच. मी नऊ इंच लावून दाखवले. अक्का, साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला! चौथी शिकलेल्या पाठीवर.

ते म्हणाले, "भूक लागली. या चुलीवरची एक भाकरी चाखवा की." पंडितराव माझ्याकडं पाहायला लागले. अख्ख्या गावात भाकरी नव्हती.

तेवढ्यात तू आलीस. दाराबाहेरूनच हंबरडा फोडलास, "कडू गं, मला टाकून कशी गेलीस गं!" कडू गोठ्यातून धावत आली. तिला बघून तुझा आवाज क्षणभर थांबला. मला वाटलं, संपलं. तर तू दुप्पट जोरात सुरू झालीस, "मग माझा भुजंगा गेला रं!" मी समोर चार हातांवर पट्टी धरून उभा. कडूला वाटलं सोनपेठला दाजींचं काहीतरी झालं. कोण गेलं ते मागून विचारू म्हणून ती आधी तुझ्या गळ्यात पडून रडायला लागली. तानुबाई आली, तीही बसली. पाच मिनिटांत अकरा बायका. कुणासाठी रडायचं ते कुणालाच माहीत नाही, पण सूर एक.

तुझं गाठोडं उंबऱ्यात पडलं होतं. पंडितरावांनी ते उघडलं. भाकरी आणि पिठलं. साहेबांपुढं ठेवलं. साहेबांनी दोन भाकरी खाल्ल्या आणि म्हणाले, "धुराचा वाससुद्धा नाही!" मयताच्या घरी आणायची भाकरी साहेबांनी धूरमुक्तीची म्हणून खाल्ली. भेटवहीत लिहिलं: 'भाकरी उत्कृष्ट. चुलीमुळे महिलांच्या डोळ्यांत आनंदाश्रू.'

मग कडूला खोकला लागला तो थांबेना. ओट्यावर वाकून बसली. ओठ निळे दिसले. साहेबांनी विचारलं, "यांना काय झालं?" पंडितराव म्हणाले, "आनंद झालाय, साहेब." आणि तू तिचा हात धरलास, तीनच्या गाडीत बसवलंस, माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस.

माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा दिवस तुम्ही दोघींनी सुतकाचा केलात.

पाटी लागली. अक्षर ठीक आहे, 'मुक्त'चा उकार ऱ्हस्व काढलाय, तो बरोबर आहे.

कडू कधी येणार? घरात चूल आहे. भाकरी नाही.

भुजंग

*

सोनपेठ
९ एप्रिल

भुजंगा,

रागावलास, रागाव. माझी बाजू ऐक.

सव्वानऊला बन्सीधर गाडीतनं उतरला त्यो सरळ दुकानात. म्हणला, अक्का, पांगरवाडीत चूल पेटली न्हाई. एका बी घरात न्हाई. त्यानं पारावर मुंजाजीला इचारलं व्हतं, काय झालं? तर म्हणला, "भुजंग मिस्त्र्यासाठी गावानं आज चूल बंद ठिवलीय." आता तूच सांग. गावात चूल कवा बंद राहती? म्या काय समजायचं? तुज्या पत्रातली ओळ डोळ्यापुढं आली, बोलताना मध्ये थांबती. म्या म्हणलं, कायमची थांबली. शेजारणीनं चार भाकरी टाकून दिल्या, पिठलं दिलं, आन् बारा गावं ओलांडत तुज्या दारात आले. येताना गाडीत सारखं एकच मनात, की म्या तुला गोठ्यात जा म्हणून लिवलं, कडूला थेट इकडं का आणलं न्हाई?

तिला गंगाखेडच्या डाक्टरकडं नेलं व्हतं. त्यानं छातीला नळी लावली. म्हणला, छातीत धूर बसलाय. किती वर्सं चुलीपुढं? ती म्हणली, तीस. डाक्टर म्हणला, मग या चार म्हैन्यातच एवढं का वाढलं? म्या सांगितलं, यांच्या घरी निर्धूर चूल आली म्हणून. डाक्टर हसला न्हाई.

तुला आता उघडच सांगते. गोठ्यात कडबा रचलेला, खिडकी न्हाई, छपराला डोकं लागतंय. तिथं तीन दगडं मांडून तुजी बायको दोन टायमाला तुज्यासाठी भाकर भाजायली व्हती. गाठोड्यात म्या मोठा तवा धाडला व्हता. ती तुला बोलली न्हाई. म्या इचारलं, का? तर म्हणली, "त्यांचं पयलं प्रमाणपत्र हाय, अक्का."

डाक्टरनं सांगितलंय, पुन्यांदा तसल्या धुरात बसली तर पावसाळा निघणार न्हाई.

म्हणून आयक. तुज्या त्या चुलीवर तू सोता, तुज्या हातानं, एक भाकर टम्म फुगवून दाखव. त्या दिशी कडूला धाडते. तवर ती माझी.

अक्का

*

पांगरवाडी
२८ एप्रिल

ती. अक्काच्या पायाशी भुजंग.

तुझं पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. मग वाटलं, भाकरीच तर आहे. पंप खोलून जोडायला मी नुसत्या बघण्यानं शिकलो.

पहिल्या दिवशी थापता थापता तुटली. दुसऱ्या दिवशी चार तुटल्या. पाचव्या दिवशी एक गोल आली, नकाशावरच्या जिल्ह्यासारखी. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. आता शेकायची. चिमट्यात धरून चुलीच्या तोंडाकडं नेली आणि तसाच बसून राहिलो. अक्का, टेकवायला जागाच नाही. आत ढकलली तर तोंडात अडकून मोडली. तव्यावरच ठेवली तर पापड झाला. कापसाची पऱ्हाटी घालायची तर त्या सात बाय सहाच्या तोंडासाठी प्रत्येक काडीचे चार तुकडे करावे लागतात. एवढी सगळी मापं मी पाठ म्हणून दाखवली होती, त्यातलं एकही हातानं करून पाहिलं नव्हतं.

मग भाकरीच्या वेळेला गोठ्यात गेलो. पट्टी नेली नाही. तीन दगडांत काड्या पेटवल्या आणि ती बसते तिथं बसलो. दोनशेपर्यंत मोजायचं ठरवलं होतं. सत्तरला बाहेर आलो. म्हैससुद्धा दाव्याला ताण देऊन तोंड फिरवून उभी होती. ती रोज तास-तास बसायची, आणि मी माणसात सांगत फिरलो की जनावरांची काळजी घेते.

पण तिथं मला खरा नमुना सापडला. दगडांपुढची जमीन तिनं सारवून थोडी उतरती केली होती. आर पुढं ओढायला. राखेत भाकरीच्या कडेची खूण होती. तिथनं आरापर्यंत किती अंतर? पट्टी आणायला उठलो आणि पुन्हा बसलो. ते अंतर इंचात नव्हतंच. भिंतीला तिनं थापलेल्या गोवऱ्या होत्या, त्यावर तिचा पंजा उमटलेला. एक गोवरी काढून आणली आणि तिच्या बोटांवरून माप घेतलं: एक वीत, तीन बोटं. तिची तीन, माझी नव्हेत.

घरातली चूल फोडली. नंबर एकची. पाइप ठेवला, तो चांगला आहे. पुढलं भोक गोठ्यात सापडलेल्या तुझ्या मोठ्या तव्यासाठी अकरा इंच केलं. तोंड रुंद केलं आणि तोंडापुढं गोवरीच्या मापानं उतरता ओटा केला. त्यावर आर ओढला की भाकरी उभी राहते आणि उरलेला धूर पाइप ओढून घेतो. सगळा नाही. दहात एक हिस्सा घरात येतो, खोटं लिहीत नाही. आईच्या तव्याची कापलेली कड लोहारानं परत दिली होती, ती खिळ्याला होती. ती वाकवून ओट्यात रोवली. भाकरी तिला टेकते.

पंडितराव साचा घेऊन आले. साचा बसेना. म्हणाले, "मिस्त्री, ही नमुन्याबाहेर गेली. यादीतून काढावी लागेल." काढली. आता गावात चुली एकशे तीन. त्यांतली तानुबाईची त्यांनी मोजली. तिच्यात कोंबडी अंड्यांवर बसलीय. मुंजाजीची मोजली, कळशांसकट. गावात एकच चूल पेटते आणि ती कागदावर नाही. प्रमाणपत्र परत मागितलंय. देऊन टाकलं. काच मी ठेवून घेतली, ती माझी होती.

काल सकाळी तानुबाई दारात आली आणि हात पुढं केला. मला कळेना. म्हणाली, "माप घ्या की. कडूच्या हाताची चूल मला कशी बसंल?" तिच्यामागं आणखी सहा हात होते.

सोबत बन्सीधरच्या हाती एक भाकरी पाठवतोय. एकविसावी आहे. फुगली होती, वाटेत बसली असेल. तरी पापुद्रा सुटलेला दिसेल. बन्सीधरला बजावलंय, आडवी धर.

भुजंग

*

सोनपेठ
३ मे

भुजंगा, लय लय जगशील.

बन्सीधरनं भाकर मांडीवर घेऊन आणली. तिकीट काढलेल्या माणसाला उठवून भाकरीला शीट दिली म्हणं.

कडूनं ती हातात घेतली. फिरवून बघितली. उजेडाकडं धरली. पापुद्रा उचलून आत बघितलं. तू परीक्षा दिलीस तवा साहेबांनी एवढं बघितलं नसंल. मग म्हणली, "कड जाड हाय. मधी जरा करपली." आन् समदी खाल्ली. कोरडीच. मला घास बी दिला न्हाई.

मग इचारलं, "गोवरी कुठली घेतली? उजव्या हाताची का डाव्या?" म्या म्हणलं, मला काय ठावं. ती म्हणली, उजव्या हाताचं बोट जात्यानं वाकडं झालंय, माप चुकलं असंल, जाऊन बघायला पायजे. आन् लुगडी गुंडाळायला लागली.

खोकला हाय, पर मधी थांबत न्हाई. गुरवारच्या गाडीनं धाडते. स्टँडावर ये. मोठा तवा आता चुलीवरच राहू दे, गोठ्यात लपवायला नको.

तिला घरी सोडलं की तू परतीच्या गाडीत बसून इकडं ये. माझ्या बी घरात चूल घालायची हाय. साचा आणू नको, पट्टी बी आणू नको. माझा हात हितंच हाय.

अक्का